जुनी लावणी, नवा साज

नांदेड जिल्ह्याच्या लोहा तालुक्यांत माळेगांव नांवाचें गांव आहे. तेथील खंडोबाची यात्रा मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीच्या सुमारास भरते आणि कांहीं दिवस चालते. घोडे, गाढवें व उंट यांचा बाजार, कुस्त्यांचे फड, भंडाऱ्यानें पिवळी झालेली देवळाची वाट, वाघ्या-मुरळींचीं गाणीं आणि थंडीनें अंगावर ओढून घेतलेलीं घोंगडीं, असा हा मराठवाड्यांतील ग्रामजीवनाचा मोठा मेळावा असतो. या यात्रेंत जिल्हा परिषदेच्या वतीनें लावणीचा महोत्सवहि भरविण्यांत येतो आणि महाराष्ट्राच्या निरनिराळ्या भागांतील संच तेथें आपली कला दाखवावयास येतात.

अशा एखाद्या रात्रीं एक संच शाहिरी काळांतील जुनी शृंगारिक लावणी ढोलकी, पेटी आणि झांज यांच्या साथीवर म्हणतो. पुढें दुसऱ्या संचाची नर्तकी तीच लावणी विजेवर चालणाऱ्या वाद्यांच्या व आधींच मुद्रित करून आणलेल्या तालाच्या साथीनें सादर करते. लय दुप्पट झालेली असते, मधले चौक गाळलेले असतात आणि शेवटीं टाळ्यांचा कडकडाट होतो. मग मंडपाबाहेर चहाच्या हॉटेलांत वाद सुरू होतो. एक म्हणतो, "शब्द तेच आहेत, तेव्हां लावणी तीच." दुसरा म्हणतो, "शब्द तेच असतील, पण लावणी ती नव्हे."

वरवर पाहतां हा चार रसिकांचा फावल्या वेळचा वाद आहे. परंतु जुनें प्रेमगीत नव्या साजांत गाइलें असतां त्यांतील काय टिकतें, काय गळून जातें, आणि जें गळतें त्याचा तोटा नेमका कोणाला सोसावा लागतो, हा प्रश्न त्याच्या पोटीं आहे. महाराष्ट्रांत या प्रश्नाला दोन शतकांचा इतिहास आहे. तो पाहिल्याखेरीज माळेगांवच्या मंडपांतील त्या दोन रसिकांपैकीं कोणाचें खरें, हें ठरवितां येणार नाहीं.

'लावणी' या शब्दाच्या उगमाविषयीं विद्वानांत एकमत नाहीं. कोणी तो 'लावण्य' या शब्दाशीं जोडतात. कोणी म्हणतात, शेतकरी ज्याप्रमाणें शेतांत रोपें ओळीनें लावतो, त्याप्रमाणें शाहीर अक्षरें ओळीनें लावतो, म्हणून ती लावणी. दुसरें मत ग्राह्य धरल्यास रचना किंवा मांडणी हा या गीतप्रकाराच्या नांवांतच असलेला गुण ठरतो. उत्तर पेशवाईंत या प्रकाराला मोठा बहर आला. सोलापूरचे राम जोशी, संगमनेरचे अनंत फंदी, सिन्नरचे परशराम, तसेच होनाजी बाळा, सगनभाऊ आणि प्रभाकर हे त्या काळचे नामांकित शाहीर होत. राम जोशी विद्वान ब्राह्मण घराण्यांतले, होनाजी गवळी, परशराम शिंपी, तर सगनभाऊ मुसलमान शिकलगार. पंक्तीस एकत्र न बसणारीं हीं माणसें डफ-तुणतुण्याच्या एकाच कलेंत शेजारीं शेजारीं उभीं राहिलीं, ही गोष्ट त्या काळचा विचार करतां लहान नव्हे.

हे शाहीर पुरुष होते, पण त्यांच्या कित्येक शृंगारिक लावण्यांत बोलते ती स्त्री. ती रुसते, वाट पाहते, मोहिमेवर गेलेल्या पतीला दूषण देते, सवतीचा मत्सर करते आणि शेवटीं त्याच पतीच्या येण्याची आस धरते. शाहीर कवन रची. सुरत्ये आणि झीलकरी ध्रुपदाची ओढ धरीत. स्त्रीची भूमिका बहुधा नाच्या पोर करी, आणि पुढें स्त्रिया स्वतःच फडांत व बैठकींत उभ्या राहूं लागल्या. लावणीच्या शेवटच्या चौकांत शाहीर आपली नाममुद्रा गुंफी. राम जोशी यांची 'कविराय' ही मुद्रा आणि होनाजी बाळा हें जोडनांव रसिकांना आजहि परिचित आहे. त्या काळीं गीताच्या मालकीचा दुसरा दस्तऐवज नव्हता. गाणें ऐकणाऱ्याला कवि कोण हें कळावें यासाठीं कवीजवळ तेवढाच एक उपाय होता.

लावणीचे अनेक प्रकार सांगितले जातात. फडाची लावणी ढोलकीच्या जोरावर उभी राहते; बैठकीची लावणी थोड्या रसिकांपुढें बसून, सुरांच्या व मुद्राभिनयाच्या आधारें रंगविली जाते; छक्कड ही चटकदार आणि जलद असते. यांतच बालेघाटी नांवाचा एक प्रकार आहे. तिच्यांत विरहाचें दुःख असतें, तिची चाल संथ व आर्त असते. अहिल्यानगर, बीड, धाराशिव, लातूर आणि नांदेड या भागांतून पसरलेल्या बालाघाटाच्या डोंगररांगांशीं या नांवाचा संबंध जोडला जातो. म्हणजे लावणी ही पुण्याच्या वाड्यांतली किंवा कृष्णाकांठची कला, अशी जी सर्वसाधारण समजूत आहे, ती अपुरी आहे. विरहिणीच्या लावणीला जें नांव मिळालें, तें लातूर-नांदेडच्या माणसाला आपल्या अंगणांतून दिसणाऱ्या डोंगराचें आहे.

आतां नव्या साजाकडे वळावयाचें. या कलेंतील पहिला मोठा पालट कोणत्याहि यंत्रानें घडविला नाहीं. तो शाहिरांनींच घडविला. होनाजी हे रचनाकार आणि बाळा करंजकर हे त्यांचे गोड गळ्याचे साथी. दुसऱ्या बाजीरावाच्या आश्रयांत होनाजींनीं रागदारीच्या वळणावर लावण्या रचल्या आणि ढोलकीच्या जागीं तबला आणला, असें परंपरा सांगते. फडांतली रांगडी लावणी अशा रीतीनें दिवाणखान्यांत आली. फडावर जीव असणाऱ्या रसिकांना तेव्हांहि तबल्याच्या ठेक्यावरची लावणी परकी वाटली असेल. पण आज त्याच बैठकीच्या लावणीला आपण जुनी व अस्सल म्हणतों. यावरून एवढें खास दिसतें कीं, नवा साज हा स्वतः दोष नव्हे. होनाजींनीं वाद्य बदललें, लय बदलली. परंतु शब्दांना वेळ दिला आणि गाणाऱ्याचा गळा मध्यभागीं ठेवला. म्हणूनच तो पालट पचला.

इ. स. १८१८ मध्यें पेशवाई संपली आणि दरबारी आश्रय आटला. फड यात्रांतून व बाजारगांवांतून फिरूं लागले. शहरांतील नव्यानें शिकलेल्या वर्गानें मात्र तमाशाकडे पाठ फिरविली. मौज अशी कीं, ज्यांनीं तमाशाला दार बंद केलें, त्यांच्याच घरांत लावणीची चाल खिडकींतून शिरली. ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं पुण्यास अण्णासाहेब किर्लोस्करांचें 'शाकुंतल' रंगभूमीवर आलें, १८८२ मध्यें 'सौभद्र' आलें, आणि संगीत नाटकाचें युग सुरू झालें. या नाटकांतील पदांना साकी, दिंडी, ओवी यांच्या जोडीला लावणीच्या चालीहि होत्या. येथें पालटाची तऱ्हा उलट झाली. होनाजींच्या हातीं शब्द राहिले आणि साज बदलला. नाटककारांच्या हातीं चाल राहिली आणि शब्द बदलले. शृंगाराच्या चालीवर पौराणिक नायिकेचें पद बसलें, आणि सभ्य कुटुंबांतील स्त्री-पुरुष तें निःसंकोचपणें गुणगुणूं लागले.

या प्रवाहांतील सर्वांत बोलका दाखला 'एकच प्याला' या नाटकाचा आहे. राम गणेश गडकरी हे नाटक रंगभूमीवर येण्यापूर्वींच, २३ जानेवारी १९१९ रोजीं निवर्तले. त्यानंतर थोड्याच दिवसांत, फेब्रुवारींत, गंधर्व नाटक मंडळीनें त्याचा पहिला प्रयोग बडोद्यास केला. पदें विठ्ठल सीताराम गुर्जर यांनीं रचलीं, आणि चाली दिल्या त्या सुंदराबाई जाधव यांनीं. सुंदराबाई या लावणी, गझल आणि ठुमरी या प्रकारांत निपुण असलेल्या बैठकीच्या गायिका होत्या. दारूच्या पायीं संसाराची राखरांगोळी झालेल्या सिंधूचें दुःख महाराष्ट्राच्या हृदयाला भिडलें, तें बालगंधर्वांच्या अलौकिक कंठांतून. पण त्या सुरांचें मूळ एका बैठकीच्या गायिकेच्या गळ्यांत होतें.

या घटनेंत एक विलक्षण फेरा आहे. शाहिरी काळांत पुरुष कवि स्त्रीच्या मनाचें गाणें रचीत आणि पुढें स्त्रिया तें आपलें करून गात. येथें एका स्त्रीनें चाली दिल्या आणि पुरुष नटानें पतिव्रतेचा वेष घेऊन त्या गाइल्या. ज्या घरांतून बैठकीच्या गायिकेला पाय ठेवावयास मज्जाव होता, त्या घरांत तिची चाल मानानें गेली. बालगंधर्वांचा मोठेपणा यानें उणा होत नाहीं. परंतु त्या काळच्या कित्येक रसिकांना नटाचें नांव मुखोद्गत होतें आणि चाली देणारीचें नव्हतें, ही गोष्टहि विसरण्याजोगी नाहीं. नव्या साजांत गीताचा मान वाढतो, पण तो मान वाटून घेतांना मूळ गाणारणीचा वाटा बहुधा विसरला जातो, हें या इतिहासांत पुनःपुन्हा दिसून येतें.

याच सुमारास यंत्रें आलीं. हिंदुस्थानांत ध्वनिमुद्रणाला १९०२ मध्यें कलकत्त्यास आरंभ झाला. तबकडीची एक बाजू सुमारें तीन मिनिटांची असे. बैठकींत एखादी लावणी अर्धा तास चाले, कारण तिचा जीव अदाकारींत असे. गायिका एकच ओळ चार वेळां म्हणे आणि प्रत्येक वेळीं तिचा निराळा अर्थ दाखवी. पहिल्यानें रुसवा, मग विनवणी, मग थट्टा, आणि शेवटीं डोळ्यांत पाणी. तबकडीला डोळे नव्हते आणि वेळहि नव्हता. तेव्हां ओळ एकदां म्हणून पुढें जाणें भाग पडलें. तबकडीचे उपकारहि थोडे नाहींत. तिच्यामुळें त्या गळ्यांचा खरा नाद आजच्या पिढीला ऐकूं येतो, आणि ज्यांनीं बैठकीचा उंबरठा कधीं ओलांडला नसता, अशा कुटुंबांनीं घरबसल्या लावणी ऐकली. पुढें रेडिओनें तेंच कार्य वाढविलें. सुंदराबाईंचा आवाज तबकड्यांवरून आणि मुंबई केंद्रावरून घरोघर पोंचला, आणि १९३९ च्या 'माणूस' या चित्रपटांत नायकाच्या आईच्या भूमिकेंत लोकांनीं त्यांना पाहिलेंहि.

१९४७ सालीं राजकमल कलामंदिराचा 'लोकशाहीर रामजोशी' हा चित्रपट प्रदर्शित झाला. जुनें प्रेमगीत नव्या साजांत सादर करण्याचा हा महाराष्ट्रांतील सर्वांत ठळक प्रयोग म्हणावा लागेल. राम जोशी यांची भूमिका रंगभूमीवरील गायक-नट जयराम शिलेदार यांनीं केली, त्यांच्या फडांतील बया हंसा वाडकर यांनीं उभी केली, ग. दि. माडगूळकरांनीं लेखन केलें आणि संगीत वसंत देसाई यांनीं दिलें. नायिकेच्या रूपवर्णनाची राम जोशींची जी 'सुंदरा'ची लावणी प्रसिद्ध आहे, ती या चित्रपटांत शिलेदारांच्या आवाजांत आली. शब्द सुमारें दीडशें वर्षांपूर्वींचे, गळा नाट्यसंगीतांत तयार झालेला, आणि वाद्यमेळ चित्रपटाचा. या तिन्हींचा मेळ देसाई यांनीं असा घातला कीं, संस्कृतप्रचुर शब्दांची ती अवघड लावणी लहान मुलांच्याहि तोंडीं बसली.

आणि याच काळांत, स्वातंत्र्यानंतरच्या आरंभींच्या वर्षांत, मुंबई सरकारनें तमाशावर निर्बंध घातले होते. पडद्यावरील फडाला लोक तिकिटें काढून गर्दी करीत होते, आणि गांवोगांवचे खरे फड परवानगीसाठीं खोळंबले होते. अश्लीलतेचा आक्षेप सर्वस्वीं निराधार होता असें नाहीं. पण जी कला चित्रपटाला भूषणावह वाटली, ती पोटासाठीं करणारांना मात्र शरमेची ठरविण्यांत आली, हा विसंवाद त्या पिढीच्या नजरेंतून सुटला.

पुढें तमाशापटांची लाट आली. अनंत माने यांचा १९५९ चा 'सांगत्ये ऐका' पुण्यांत शंभराहून अधिक आठवडे चालला. वसंत पवार, राम कदम यांसारख्या संगीतकारांनीं आणि माडगूळकर, जगदीश खेबूडकर यांसारख्या कवींनीं लावणीच्या सांच्यांत नवीं गीतें ओतलीं. ही पालटाची तिसरी तऱ्हा होय. पहिलींत शब्द टिकले, दुसरींत चाल टिकली. तिसरींत शब्दहि नवे, चालहि नवी, राहिला तो केवळ घाट. याच युगांत सुलोचना चव्हाण यांच्या ठसकेबाज आवाजानें लावणी घरांघरांत नेली. आचार्य अत्रे यांनीं त्यांना 'लावणीसम्राज्ञी' म्हटलें. २०२२ मध्यें त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षीं डिसेंबरांत त्यांचें निधन झालें. डोक्यावर पदर घेऊन, ध्वनिक्षेपकासमोर शांतपणें उभें राहून त्या गात, आणि शब्दाची फेंक अशी असे कीं अदाकारी आवाजांतच उतरे.

तथापि पार्श्वगायनाच्या रीतीनें एक जुना सांधा निखळला. पडद्यावर नाचते ती एक आणि गाते ती दुसरी, अशी वाटणी झाली. यात्रेंतील मंडपांतहि हीच वाटणी आली: ध्वनिमुद्रिका वाजते आणि नर्तकी केवळ पावलें टाकते. वाईच्या यमुनाबाई वाईकर यांची गोष्ट या पार्श्वभूमीवर पाहावी. १९१५ मध्यें कोल्हाटी समाजांत जन्मलेल्या यमुनाबाई गात आणि भावहि दाखवीत. गळा, डोळे आणि हात हीं त्यांच्या ठिकाणीं एकच होतीं. २०१२ मध्यें त्यांना पद्मश्री देण्यांत आली आणि २०१८ मध्यें शंभरी ओलांडून त्या गेल्या. त्यांच्याबरोबर जें गेलें, तें कोणत्याहि स्वरलिपींत पूर्णपणें उतरवितां आलें नसतें. तें एका बाईनें दुसरीला समोर बसवून शिकवावयाचें असतें, आणि त्यासाठीं दोघींच्याहि पोटाची सोय लागते.

हा प्रश्न एकट्या महाराष्ट्राचा नाहीं. मध्य आशियांत कझाक लोकांच्या गवताळ माळरानावर दोन तारांच्या दोम्ब्रा या वाद्यावर प्रेमगीतें गाण्याची पुरातन चाल आहे. आपल्या तुणतुण्याला एक तार, त्यांच्या दोम्ब्राला दोन; बाकी उघड्या आकाशाखालीं एका माणसानें अनेकांसाठीं गावें, ही रीत दोहींकडे सारखी. अलेक्सांद्र झातायेविच नांवाच्या संगीतज्ञानें तेथील गायकांच्या तोंडून गाणीं ऐकून त्यांचें स्वरलेखन केलें आणि १९२५ मध्यें एक हजार गीतांचा संग्रह छापला. नंतर १९३४ मध्यें येव्गेनी ब्रुसिलोव्स्की यांनीं 'किझ झिबेक' या लोकप्रिय प्रेमकथेवर संगीतिका रचली आणि तिच्यांत लोकगीतांच्या चाली वाद्यवृंदाच्या साथीनें मांडल्या. नायिकेची भूमिका कुल्याश बैसेइतोवा हिनें गाजविली. किर्लोस्करांनीं १८८० च्या सुमारास मराठींत जें केलें, त्याच्याशीं या प्रयोगाचें नातें सहज ध्यानांत येतें.

पण त्यांत एक महत्त्वाचा भेद आहे. तेथें चाल आधीं कागदावर उतरली आणि मग तिला नवा साज चढला. म्हणून नव्या संगीतिकेंत काय बदललें, हें जुनें पुस्तक उघडून पडताळतां येतें. महाराष्ट्रांत शाहिरांचे शब्द एकोणिसाव्या शतकापासून छापले गेले, त्यांच्या बाडांवरून संशोधन झालें. चाली मात्र गळ्यांतच राहिल्या. राम जोशी आपली लावणी ज्या सुरांत म्हणत, ते सूर आज कोणी छातीठोकपणें दाखवूं शकत नाहीं. १९४७ च्या चित्रपटांतील चाल इतकी लोकप्रिय झाली कीं, अनेकांना तीच मूळची वाटते. जेथें मूळ नोंदलेलें नसतें, तेथें सर्वांत गाजलेली नवी आवृत्ति हीच मूळाची जागा घेते. यांत संगीतकाराचा अपराध नाहीं. नोंद न ठेवणाऱ्या समाजाचा आहे.

मराठवाड्याच्या बाबतींत हा तोटा अधिक जाणवतो. पेशवाईच्या आश्रयापासून हा प्रदेश दूर होता. तो निजामाच्या राज्यांत होता. राज्यकारभाराची भाषा उर्दू होती आणि १९१८ मध्यें हैदराबादेस स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठांत उच्च शिक्षणहि उर्दूंतच होतें. मराठी गीत टिकलें तें जात्यावर, खळ्यावर, गोंधळाच्या रात्रीं आणि यात्रांतून. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामी राजवट संपली. १९५६ मध्यें मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यांत आला, आणि १ मे १९६० पासून तो महाराष्ट्राचा भाग झाला. या मीलनाबरोबर पुण्या-कोल्हापुराकडील चित्रपट आणि ध्वनिमुद्रिका नांदेड-लातूरच्या बाजारपेठांत आल्या. लोकांनीं त्यांचें मनापासून स्वागत केलें. बाहेरची ठसकेबाज लावणी घरांत आली, आणि डोंगराच्या नांवाची घरची संथ लावणी मागच्या दारानें निघून जाऊं लागली. टाळ्या जलद लयीला लवकर पडतात. विरहाच्या लावणीला ऐकणाऱ्याची शांतता लागते, आणि ती मोठ्या मंडपांत दुर्मिळ असते.

मग उपाय काय? नवा साज नको म्हणणें हा उपाय नव्हे. ढोलकीचा हट्ट धरला असता तर होनाजींची बैठकीची लावणी जन्माला आली नसती. 'एकच प्याला'तील पदें झालीं नसतीं. 'सुंदरा'ची लावणी पुस्तकांतच राहिली असती. गाणें हें गाइल्यानें जगतें, आणि प्रत्येक पिढी तें आपल्या वाद्यांवरच गाणार. विजेच्या वाद्यांनीं लावणी बाटते असें मानण्याचें कारण नाहीं. होनाजींच्या काळीं तबलाहि फडाला नवखाच होता.

परंतु नव्या साजाची पारख करावयाची तर तीन गोष्टी पाहाव्या. पहिली ही कीं, शब्द ऐकूं येतात काय. लावणी ही कविता आहे. वाद्यांच्या गजरांत तिची अक्षरें बुडालीं तर उरतो तो ठेका. दुसरी ही कीं, अदाकारीला अवकाश ठेवला आहे काय. ओळ परतून म्हणण्याइतका वेळ ज्या मांडणींत नाहीं, तिच्यांत स्त्रीच्या मनाचे चार रंग दिसणार नाहींत, एकच दिसेल, आणि तो बहुधा सर्वांत भडक असेल. लावणीवर अश्लीलतेचा जो आरोप होतो, त्याचें एक मूळ येथें आहे. संथ बैठकींत जो शृंगार सूचक असतो, तोच घाईंत उघडा पडतो.

तिसरी गोष्ट नांवाची. वेळ वाचविण्यासाठीं चौक गाळावयाचे झाले तर बहुधा शेवटचा गळतो, आणि शाहिराची मुद्रा नेमकी तेथेंच असते. कवीनें आपल्या हातानें गुंफलेलें नांव अशा रीतीनें कात्रींत जातें. चाल शिकविणाऱ्या बाईचें नांव तर कवितेंतहि नसतें. तें निवेदकानें सांगितलें तरच लोकांना कळणार. ही लावणी कोणाची, चाल कोणाकडून आली, नवा साज कोणी चढविला, हीं तीन वाक्यें म्हणावयास अर्धें मिनिट लागतें. मंडपाच्या रोषणाईपेक्षां तें खचित स्वस्त आहे. ज्या स्त्रियांनीं समाजाचा तिरस्कार सोसून हीं गाणीं गळ्यांत जपलीं, त्यांच्या ऋणाची फेड एवढ्यानें होणार नाहीं. पण निदान ऋण आहे, हें तरी चारचौघांत कबूल होईल.

माळेगांवच्या त्या दोन रसिकांकडे आतां परत जाण्यास हरकत नाहीं. "शब्द तेच, तेव्हां लावणी तीच" म्हणणारा चुकला, कारण लावणी केवळ शब्दांत नसते. "ती लावणी नव्हे" म्हणणाराहि घाई करतो, कारण साज बदलल्यानें लावणी मरत नाहीं, हें होनाजींपासून सुलोचनाबाईंपर्यंतच्या इतिहासानें दाखविलें आहे. त्या दोघांनीं पुढच्या यात्रेंत वाद थोडा बाजूला ठेवावा आणि महोत्सवाच्या चालकांकडे एक मागणी करावी: प्रत्येक रात्रीं एक बालेघाटी लावणी व्हावी, पुरी व्हावी, शेवटच्या चौकासकट, साथीला वाद्यें कोणतींहि असोत. मार्गशीर्षाच्या थंडींत, बालाघाटाच्या मुलखांत, त्या विरहिणीचें गाणें शांतपणें ऐकणारीं माणसें अजून मिळतील. तीं मिळेपर्यंत गाणारी बाई मात्र टिकली पाहिजे.